डॉ. विल्यम केरी यांचें वाचन

शाळेच्या ग्रंथालयाचें कपाट उघडण्याचा वार आला म्हणजे आमच्यापुढें दोन प्रकारचे विद्यार्थी येऊन उभे राहतात. पहिल्या प्रकारचा विद्यार्थी कपाटांतील सर्वांत जाड इंग्रजी पुस्तक मागतो. कारण तें वाचल्यानें इंग्रजी सुधारतें असें त्यास कोणीं तरी सांगितलेलें असतें. आठ दिवसांनीं तें पुस्तक परत येतें, तेव्हां त्यांतील खुणेचा कागद अकराव्या पानावर असतो. दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी मान खालीं घालून, हलक्या आवाजांत, एखादें मौजेचें पुस्तक आहे काय म्हणून विचारतो. जणूं कांहीं तो आमच्याजवळ चोरीचा मालच मागत आहे! ह्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे पालक कधीं कधीं आम्हांस भेटतात आणि मुलगा अभ्यास सोडून अवांतर वाचनांत वेळ दवडतो, त्यास आळा घालावा, अशी विनंती करितात. त्यांची काळजी अगदींच निराधार असते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशा प्रत्येक प्रसंगीं आम्हांस एका जोडे शिवणाऱ्या मुलाची आठवण होते. त्या मुलाचें नांव विल्यम केरी.

बंगाल्यांतील सेरामपूरचे मिशनरी डॉ. केरी हें नांव आमच्या मंडळ्यांतून सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांनीं पवित्र शास्त्राचीं भाषांतरें केलीं, छापखाना चालविला, महाविद्यालय काढलें, हें लहान मुलांनाहि रविवारच्या शाळेंत सांगण्यांत येतें. परंतु हीं सर्व कामें ज्या एका सवयींतून निघालीं, ती सवय म्हणजे मन रमेल असें पुस्तक शोधून काढणें, मग तें कोणत्याहि भाषेंत असो. चरित्रकार ती दोन ओळींत आटोपतात, म्हणून आम्ही आज मुख्यतः तिच्याविषयींच लिहिणार आहों.

इ. स. १७६१ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ व्या तारखेस इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन परगण्यांत, पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत, विल्यमचा जन्म झाला. त्याचा बाप एडमंड हा मागावर कापड विणी. विल्यम सहा वर्षांचा असतां बापास गांवच्या देवळाच्या कारकुनाची व शाळामास्तराची जागा मिळाली. पांच भावंडांत विल्यम वडील. शाळामास्तराच्या घरीं पुस्तकांचा सुकाळ असावा असें कोणास वाटेल. पण त्या काळीं खेड्यांतील शाळामास्तर हा गरीबच असे, आणि पुस्तक ही श्रीमंतांच्या घरची वस्तु होती. तेव्हां जें हातीं पडेल तें वाचावयाचें. तरीहि ह्या मुलाची आवड फार लवकर ठरून गेली होती. देशोदेशींच्या सफरी, इतिहास, आणि पशुपक्षी व झाडेंझुडपें यांविषयींचीं शास्त्रीय पुस्तकें मिळालीं कीं तो तहानभूक विसरे. नाटकें व कादंबऱ्या त्यास मुळींच रुचत नसत. आणि, आम्ही मिशनच्या शाळेंतले शिक्षक असलों तरी हें लपवून ठेवणें बरें नव्हे, धार्मिक पुस्तकेंहि तो तितक्याच तत्परतेनें टाळी. पुढें मोठेपणीं त्यानें हें आपल्या पत्रांत मोकळ्या मनानें कबूल केलें आहे. बनियनचें यात्रिकक्रमण त्यानें मोठ्या गोडीनें वाचलें, परंतु तें एक अद्भुत गोष्ट म्हणून. त्यांतील उपदेश त्या वेळीं त्याच्या अंगास लागला नाहीं.

त्याचा पीटर नांवाचा चुलता कॅनडा देशांत राहून परत आला होता व गांवांत माळीकाम करीत होता. समुद्र, जहाजें आणि परदेशांतील झाडें यांच्या गोष्टी मुलानें त्याच्या तोंडून ऐकल्या. त्यानें घरांतील आपली खोली किडे, पांखरें व रोपटीं यांनीं भरून टाकली होती. बरोबरीचीं मुलें खेळून दमलीं म्हणजे विल्यमला एखाद्या झाडावर चढवून त्याच्याकडून कोलंबसाची हकीकत ऐकत, अशी आठवण सांगतात; आणि त्याचें टोपणनांवहि त्यांनीं कोलंबस असेंच ठेविलें होतें. बारा वर्षांचा असतां लॅटिन शब्दांचा एक लहानसा संग्रह त्याच्या हातीं आला. तो त्यानें बहुतेक सगळा पाठ करून टाकला. ज्या भाषेंतील एकहि पुस्तक घरांत नाहीं तिचे शब्द पाठ करणें ह्यांत कोणास गोडी वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं, आणि हा मार्ग आम्ही कोणा विद्यार्थ्यास दाखविणारहि नाहीं. पण त्या मुलास त्यांत गोडी वाटली, एवढें खरें.

शेतांत मजुरी करावी तर विल्यमच्या अंगाची कातडी ऊन सोसण्याजोगी नव्हती. उन्हानें अंगावर फोड येत आणि रात्रीं झोंप लागत नसे. म्हणून बापानें त्यास पिडिंग्टन गांवीं क्लार्क निकल्स ह्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविलें. इंग्लंडचें ऊन ज्यास सोसलें नाहीं त्यानें पुढें बंगालच्या उन्हांत चाळीस वर्षें काढलीं, ही ईश्वराची करणी! असो.

ह्या निकल्सच्या दुकानांत चामडें, आरी व दोरा यांच्याबरोबर कांहीं थोडीं पुस्तकेंहि होतीं. त्यांत नव्या कराराची एक टीका होती. ती चाळतां चाळतां विल्यमला मधून मधून अनोळखी अक्षरांतील शब्द दिसले. ते ग्रीक होते. त्यानें त्या अक्षरांची आकृति जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली आणि घरीं जाण्याची सुटी मिळाली तेव्हां तो कागद पॉलर्सपरींतील टॉमस जोन्स नांवाच्या शिकलेल्या विणकरापुढें ठेविला. जोन्सनें शब्द वाचून त्यांचा अर्थ सांगितला. पुन्हां दुकानीं जावें, पुन्हां शब्द उतरून घ्यावे, पुन्हां विणकराकडे जावें, असा क्रम सुरू झाला. ग्रीक भाषेचा आरंभ असा झाला, एका जोडे शिवणाऱ्याच्या फळीवरून आणि एका विणकराच्या मागापाशीं. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपणांस ग्रीक आलें पाहिजे असा निश्चय करून त्यानें पुस्तक शोधलें नाहीं. पुस्तक हातांत होतें, त्यांतील एक कोपरा झांकलेला होता, आणि त्या कोपऱ्यांत काय आहे हें पाहिल्यावांचून त्यास चैन पडेना.

दुकानांतील जॉन वॉर नांवाच्या सोबत्याशीं वाद घालतां घालतां विल्यमच्या अंतःकरणांत पालट झाला आणि त्याची श्रद्धा खरी झाली. इ. स. १७८३ सालीं नॉर्दॅम्प्टन येथें नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वीं दोन वर्षें, म्हणजे १७८१ सालीं, डॉरथी प्लॅकेट ह्या मुलीशीं त्याचें लग्न झालें होतें. लग्नाच्या नोंदवहींत वधूच्या सहीच्या जागीं फुली आहे. ह्या फुलीची आम्ही पुढें आठवण करणार आहों.

आतां आम्ही त्यांस केरीसाहेब म्हणूं, कारण ते गृहस्थ झाले, उपदेशक झाले, आणि मोल्टन गांवीं शाळामास्तरहि झाले. जोडे शिवणें मात्र सुटलें नाहीं. शाळा व देवळाचें काम दोन्ही मिळून पोट भरत नसे. ह्याच दिवसांत एका म्हातारीकडून त्यांस डच भाषेंतील एक मोठें पुस्तक मिळालें. कोणी दुसरा असता तर त्यानें तें कागदाच्या भावानें विकलें असतें. केरीसाहेबांनीं थोड्या पैशांत डच भाषेचें एक जुनें व्याकरण मिळविलें आणि तें पुस्तक वाचून काढलें. पुढें तर त्यांनीं एका स्नेह्यास डच भाषेंतील एका लेखाचें भाषांतरहि करून दिलें. फ्रेंच भाषेचें तसेंच झालें. प्रभूच्या पुनरुत्थानाविषयीं डिटन नांवाच्या ग्रंथकारानें लिहिलेल्या पुस्तकाची फ्रेंच प्रत त्यांच्या हातीं आली. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून थोड्याच आठवड्यांत ते तें समजून वाचूं लागले. हिब्रू भाषेचीं पुस्तकें त्यांनीं आसपासच्या पाळकांकडून मागून आणलीं. केटरिंग येथील गॉच नांवाच्या जोड्यांच्या व्यापाऱ्यास त्यांच्या ह्या नादाची बातमी लागली, तेव्हां त्यानें, आपल्यासाठीं जोडे शिवूं नका, दर आठवड्यास दहा शिलिंग घ्या व अभ्यास करा, असें त्यांस सांगितलें. धन्य तो व्यापारी! जोडे कसे शिवले होते हेंहि त्यानें पाहिलेंच असेल.

परंतु ज्या पुस्तकानें केरीसाहेबांच्या आयुष्याची दिशा फिरविली तें लॅटिन नव्हे, ग्रीक नव्हे आणि धार्मिकहि नव्हे. कॅप्टन कुक ह्याच्या समुद्रपर्यटनाची हकीकत त्या सुमारास छापून प्रसिद्ध झाली होती; त्याच्या शेवटल्या सफरीचा वृत्तांत १७८४ सालीं बाहेर पडला. लहानपणचा कोलंबस त्या पानांवर तुटून पडला यांत नवल तें काय? दक्षिण समुद्रांतील बेटें, तेथील माणसें, त्यांच्या चालीरीति, हें सर्व वाचीत असतां त्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला कीं, ह्या लोकांस शुभवर्तमान कोण सांगणार? त्यांनीं कागद चिकटवून जगाचा एक मोठा नकाशा हातानें तयार केला, तो भिंतीवर लाविला, आणि प्रत्येक देशाविषयीं जें वाचनांत येई तें, लोकसंख्या, धर्म, रीतिभाति, त्या त्या जागीं टिपून ठेविलें. समोर जोड्याचा फर्मा आणि वर नकाशा, असें ते काम करीत. १७९२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेलें ८७ पानांचें पुस्तक, ज्यापासून आधुनिक मिशनकार्याचा आरंभ धरितात, त्यांत ह्याच टिपणांचीं कोष्टकें आहेत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत केटरिंग येथें बाप्तिस्त मिशनरी मंडळी स्थापन झाली. मौजेखातर वाचलेल्या एका पुस्तकानें एवढें केलें! त्या वेळीं एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्यानें, हें अवांतर वाचन पुरे करा व उद्यांच्या उपदेशाची तयारी करा, असें म्हणून तें पुस्तक काढून घेतलें असतें तर काय झालें असतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

१७९३ सालच्या जून महिन्याच्या १३ व्या तारखेस केरीसाहेब एका डॅनिश जहाजानें सहकुटुंब निघाले आणि ११ नोव्हेंबर रोजीं कलकत्त्यास पोहोंचले. वाटेंतच बरोबरच्या टॉमस ह्या वैद्यापाशीं त्यांनीं बंगालीचा अभ्यास सुरू केला होता. कलकत्त्यास रामराम बसू नांवाचे मुनशी त्यांस शिक्षक मिळाले. पहिलें वर्ष फार हालांचें गेलें. मग माळदा भागांत मदनाबाटी येथें एका निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याचें काम मिळालें आणि तेथें ते १७९४ पासून पांच वर्षें राहिले.

तेथें बंगालीबरोबर संस्कृताचा अभ्यास सुरू झाला. पंडितांशीं वाद करावयाचा तर त्यांचे ग्रंथ ठाऊक असले पाहिजेत, हा हेतु खरा. परंतु महाभारत वाचावयास घेतल्यावर हेतु बाजूस राहिला आणि वाचन पुढें गेलें. १७९६ सालीं इंग्लंडांतील स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत ते त्या काव्याच्या भाषेची मनापासून स्तुति करितात आणि त्यास ग्रीक महाकवि होमर ह्याच्या पंक्तीस बसवितात. त्यांतील धर्ममतें त्यांस मान्य नव्हतीं, हें सांगावयास नकोच. पण जें सुंदर आहे तें सुंदर म्हणण्यास त्यांची जीभ अडखळली नाहीं. पुढें त्यांनीं व त्यांचे सहकारी मार्शमन यांनीं रामायणाच्या आरंभींच्या कांडांचें इंग्रजी भाषांतर मूळ संस्कृतासह तीन भागांत छापिलें, तें १८०६ ते १८१० ह्या सालांत.

आतां ती फुली. मदनाबाटीस १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा पीटर नांवाचा मुलगा हगवणीनें वारला. डॉरथीबाई इंग्लंड सोडण्यास प्रथमपासून नाखूष होत्या. त्यांचें मन ह्या घावानंतर सांवरलें नाहीं. त्यांस वेड लागलें आणि १८०७ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत तें गेलें नाहीं. शेजारच्या खोलींतून त्यांचें ओरडणें ऐकूं येत असतां केरीसाहेब आपलें भाषांतर पुढें चालवीत. चरित्रकार हें त्यांच्या धीराचें उदाहरण म्हणून देतात. आम्ही मात्र ह्या ठिकाणीं दर वेळीं थांबतों. नवऱ्यास दहा भाषांतून विसावा मिळत होता. आणि लग्नाच्या दिवशीं जिला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें त्या बायकोस, हजारों कोसांवरच्या त्या ओसाड जागीं, कशांत विसावा मिळाला असेल? ग्रंथांत रमणाऱ्या मनुष्याच्या घरांत दुसरें माणूस एकटें पडूं शकतें. केरीसाहेबांवर दोष ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, पण ही गोष्ट सोडून त्यांच्या वाचनाची थोरवी सांगणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

इ. स. १८०० च्या जानेवारींत केरीसाहेब डॅनिश लोकांच्या ताब्यांतील सेरामपूर येथें आले. मार्शमन हे शिक्षक, वॉर्ड हे मुद्रक, आणि केरी हे भाषांतरकार, असे तिघे एकत्र झाले. पुढच्याच वर्षीं बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची बंगाली व संस्कृत भाषांचे शिक्षक म्हणून दरमहा ५०० रुपयांवर नेमणूक झाली. कांहीं दिवसांनीं त्यांत मराठीचीहि भर पडली. हा पगार ते बहुतेक सर्व मिशनच्या सामाईक पेटींत टाकीत.

ह्या कॉलेजांतील विद्यार्थी म्हणजे विलायतेहून नुकतीच आलेलीं कंपनीच्या नोकरींतील तरुण पोरें. त्यांस ह्या देशाच्या भाषा शिकावयाच्या होत्या, पण वाचावयास द्यावें काय? बंगालींत पद्य पुष्कळ होतें. मराठींतहि ओवी, अभंग व पोवाडे यांस तोटा नव्हता, आणि हस्तलिखित बखरीहि होत्या. परंतु परक्या मुलाच्या हातांत द्यावें असें सोपें, गद्य, छापील पुस्तक एकहि नव्हतें. येथें तो जोडे शिवणारा मुलगा शिक्षकाच्या मदतीस धांवला. व्याकरण लिहून केरीसाहेब थांबले नाहींत. १८०१ सालीं त्यांनीं बंगालींत संवादांचें एक पुस्तक काढलें. त्यांत साहेब आणि चाकर बोलतात, सावकार आणि ऋणको बोलतात, कोळी बोलतात, आणि बायका कडाकडा भांडतातहि. मिशनऱ्याच्या पुस्तकांत शेजारणींचें भांडण! पण भाषा जिवंत असते ती अशाच ठिकाणीं, हें ज्यानें ओळखलें तो खरा शिक्षक. त्याच वर्षीं रामराम बसू यांनीं लिहिलेलें राजा प्रतापादित्याचें चरित्र सेरामपुरास छापलें गेलें. १८१२ सालीं केरीसाहेबांनीं दीडशें गोष्टींचा एक बंगाली संग्रह प्रसिद्ध केला. लहानपणीं कादंबऱ्यांचा ज्यास तिटकारा होता त्यानें दीडशें गोष्टी जमविल्या. त्याचें कारण एकच. स्वतःस जी गोडी लागते तीच सर्वांस लागेल असें त्यांनीं मानलें नाहीं.

आपल्या मराठीचाहि ह्या कार्यांत वांटा आहे. १८०५ सालीं केरीसाहेबांचें मराठी व्याकरण छापलें गेलें आणि त्याच्या शेवटीं नेहमींच्या बोलण्यांतील संवाद जोडले होते. त्याच वर्षीं मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत निघालें. १८१० सालीं मराठी व इंग्रजी कोश झाला, त्यांतील मराठी शब्द मोडी लिपींत छापले आहेत. ह्या कामीं त्यांस नागपूरकडील वैजनाथ पंडित यांचें साहाय्य होतें. आणि मग १८१४ सालीं सिंहासनबत्तिशी, १८१५ सालीं हितोपदेश, १८१६ सालीं राजा प्रतापादित्याचें चरित्र, अशीं पुस्तकें मोडी टाइपांत छापून बाहेर पडलीं. म्हणजे मराठी गद्याचीं जीं अगदीं पहिलीं पुस्तकें छापलीं गेलीं त्यांत विक्रमाच्या सिंहासनावरील पुतळ्यांच्या गोष्टी आहेत, कावळ्याकोल्ह्यांच्या गोष्टी आहेत, आणि तीं छापण्याचें एक कारण हें कीं, सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मुलांनीं आमची भाषा कंटाळा न करितां वाचावी. आज आमचीं मुलें इंग्रजी पुस्तकापुढें जशीं बसतात, तशीं त्या दिवशीं इंग्रजांचीं मुलें मराठी पुस्तकापुढें बसलीं होतीं!

तरी ह्या मराठी पुस्तकांविषयीं खरें तें सांगितलें पाहिजे. सेरामपूरचें मराठी पुण्यामुंबईकडील लोकांस आपलेंसें वाटलें नाहीं. त्यांत नागपूरकडील वळण होतें आणि भाषांतराचा ताठरपणा होता. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील मिशनऱ्यांनीं शास्त्राचें भाषांतर पुन्हां नव्यानें केलें. ह्याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें आहे. बंगाली व संस्कृत भाषांत केरीसाहेब वर्षानुवर्षें रमले होते. मराठी मुलुखांत त्यांनीं कधीं पाऊलहि टाकलें नाहीं; मराठी त्यांनीं पंडिताच्या हातून घेतली. त्यांच्या देखरेखीखालीं सुमारें चाळीस भाषांत शास्त्राचे भाग छापले गेले, आणि जेथें उत्साहाइतका सहवास नव्हता तेथें भाषांतर लंगडें पडलें. ज्या पुस्तकानें लिहिणाराचें मन रमलें नाहीं त्यांत वाचणाराचें मन कसें रमावें?

त्यांचा दिवस कसा जाई ह्याचें वर्णन त्यांनीं १८०६ सालच्या जून महिन्यांतील एका पत्रांत केलें आहे. पहांटे पावणेसहास उठून हिब्रू शास्त्राचा एक अध्याय. मग चाकरमाणसांबरोबर बंगालींत प्रार्थना. चहा येईपर्यंत मुनशीजवळ फारसी. न्याहारीपूर्वीं हिंदुस्थानींतील शास्त्रपाठ. न्याहारी होतांच पंडितास घेऊन रामायणाचें भाषांतर. दहा वाजतां कॉलेज. दुपारीं बंगाली भाषांतराचे मुद्रितशोधन. जेवणानंतर मत्तयाचें संस्कृत भाषांतर. सहा वाजतां तेलगू पंडित. मग इंग्रजी उपदेश. रात्रीं नऊनंतर यहेज्केलाचें बंगाली भाषांतर. अकरा वाजतां पत्र लिहावयाचें, आणि शेवटीं ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय वाचून निजावयाचें. हें वाचून छाती दडपते. पण विद्यार्थ्यांनीं येथें एक खुबी पाहावी. दिवसाचा आरंभ हिब्रूनें, शेवट ग्रीकनें, मध्यें हिंदुस्थानी. तिन्ही वेळां वाचावयाचें तें शास्त्रच. जें पुस्तक आपणांस बहुतेक पाठ आहे तें परक्या भाषेंत वाचलें म्हणजे कोश फारसा उघडावा लागत नाहीं. अर्थ अगोदरच मनांत असतो, शब्द तेवढे नवे येऊन त्याच्याशीं ओळख करून घेतात. इसापाच्या गोष्टी मराठींत वाचून मग इंग्रजींत वाचणारा आमचा एखादा विद्यार्थी, नकळत का होईना, केरीसाहेबांच्याच वाटेनें जात असतो.

१८१२ सालच्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस संध्याकाळीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरीसाहेब कलकत्त्यास होते. कागदाचे गठ्ठे, अनेक लिपींचे खिळे, आणि वर्षानुवर्षांचीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांत संस्कृतापासून निघालेल्या भाषांचा एक मोठा कोश होता, रामायणाच्या पुढील भागाचें भाषांतर होतें. खिळ्यांची धातु वितळून राखेंत पडली होती, ती गोळा करून पुन्हां ओतली. थोड्याच महिन्यांत छापखाना सुरू झाला. रामायणाचें भाषांतर मात्र पुढें गेलें नाहीं, तें तिसऱ्या भागापाशींच राहिलें.

१८१८ सालच्या एप्रिलांत सेरामपुरास दिग्दर्शन नांवाचें तरुणांसाठीं मासिक निघालें. त्याचे संपादक मार्शमनसाहेबांचे चिरंजीव जॉन क्लार्क मार्शमन हे होते. त्याच्या पहिल्या अंकांतला पहिला विषय अमेरिकेचा शोध हा होता. हा विषय कोणाच्या सांगण्यावरून घेतला हें महत्त्वाचें नाहीं. पण पॉलर्सपरीच्या झाडावर सांगितलेली गोष्ट आतां बंगाली मुलांच्या हातीं त्यांच्या भाषेंत गेली, हें पाहून वृद्ध केरीसाहेबांना काय वाटलें असेल ह्याची कल्पना करण्यास हरकत नाहीं. पुढें १८४० सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस मराठी मासिक काढलें, त्याचेंहि नांव दिग्दर्शन होतें.

त्याच वर्षीं सेरामपूर कॉलेजचा पाया घातला गेला. झाडांचा नाद तर केरीसाहेबांस शेवटपर्यंत होता. सेरामपूरच्या त्यांच्या बागेंत देशोदेशींचीं झाडें होतीं, आणि इंग्लंडाहून आलेल्या बियांची रिकामी पिशवी एका सांवलीच्या जागीं झटकली असतां त्या मातींतून डेझी नांवाचें तिकडील रानफूल उगवलें, तेव्हां त्या म्हाताऱ्या गृहस्थास झालेला आनंद त्यांनीं पत्रांत लिहून कळविला आहे. १८०८ सालीं त्यांनीं शार्लट रूमोर ह्या डेन्मार्कच्या बाईंशीं दुसरा विवाह केला होता. बाई सदा आजारी असत, पण त्यांस अनेक भाषा येत व वाचनाची फार आवड होती. त्या १८२१ सालीं वारल्या. केरीसाहेबांच्या घरांत पुस्तकांस दोन वाचक होते ते ह्या तेरा वर्षांत.

इ. स. १८३४ च्या जून महिन्याच्या ९ व्या तारखेस सेरामपूर येथें केरीसाहेबांनीं देह ठेविला. त्यांचें मृत्युपत्र पाहण्यासारखें आहे. शंखशिंपले, पोवळीं, खनिजें व किडे यांचा सर्व संग्रह, वाळविलेल्या वनस्पति, परभाषांतील पवित्र शास्त्राच्या प्रती, तसेंच आपलीं सर्व इटालियन व जर्मन पुस्तकें त्यांनीं सेरामपूर कॉलेजास दिलीं. इंग्रजी पुस्तकांपैकीं जीं आवडतील तीं तिसऱ्या पत्नी ग्रेसबाई यांनीं प्रथम निवडून आपणाजवळ ठेवावीं असें लिहिलें. जाबेझ ह्या मुलास द्यावयास जवळ पैसे नव्हते. म्हणून राहिलेलीं पुस्तकें लिलावांत विकावीं व आलेल्या रकमेंतून त्यास १५०० रुपये द्यावे, कारण फीलिक्स व विल्यम ह्या दोघां मुलांस तेवढेच पूर्वीं देऊन झाले होते.